ओट्याएवढं स्वयंपाकघर

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलातला सर्व्हर माझ्याइतका कुणालाच कळत नाही! म्हणजे त्या दिवशी सकाळपर्यंत तरी माझं असंच मत होतं.

मी तिथला कॉम्प्युटरवाला. नवीनच लागलो होतो. लागलो तेव्हा परिस्थिती अशी, की रिसेप्शनवरच्या ताईंनी पेशंटचं नाव टाकलं की त्याची माहिती पडद्यावर येईपर्यंत बिचाऱ्याचा मोतीबिंदू आणखी थोडा पिकायचा. ताई एंटर दाबायच्या, चहा पिऊन यायच्या, आणि आल्यावरही तो गोल आपला फिरतच असायचा. मी ठरवलं होतं, हे मी सुधारणार. आणि कधी सुधारणार? तर सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दिवशी! घरच्यांसमोर एकदा तरी आपली किंमत कळायला नको का?

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. या वायरीतून त्या वायरीत माणसं जोडायची आणि फार बोलायला लागली की तोडायची, यातच त्यांची सगळी नोकरी झाली. कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. पण डोळ्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना कसली ना कसली अडचण निघायची! एकदा सर्दी झाली, एकदा शेजारणीच्या मुलीचं लग्न निघालं, एकदा तर तारखेच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "कालपासून बरंच स्वच्छ दिसतंय गं!" आणि तसं म्हणून साखरेच्या डब्यात मीठ ओतलं. त्यावर आम्ही हसलो. मात्र गेल्या महिन्यात जिना उतरताना त्या शेवटची पायरी संपली असं समजून पुढे चालायला लागल्या, आणि पायऱ्या अजून चार शिल्लक होत्या. कठडा हाताला लागला म्हणून वाचल्या. त्या दिवसापासून माझी बायको हसायची बंद झाली.

"आज झालं तर झालं," ती सकाळी मला म्हणाली. "मोठे डॉक्टर दुपारी निघाले की दोन महिने परदेशात. आणि आई दुसऱ्या कुणाचा हात डोळ्याला लावून घेणार नाही. आज काही कारण मिळालं ना तिला, तर ती पुन्हा यायची नाही. मी ओळखते तिला."

"कारण मिळायला वेळ तर मिळाला पाहिजे!" मी म्हटलं. "नाव सांगतील, आणि पुढच्या मिनिटाला आत. बघच तू!"

"तू काही करू नकोस," ती म्हणाली.

बायकोचं हे एक वाक्य लग्नापासून मी ऐकत आलोय. ते ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

साडेसातला मी सर्व्हरच्या खोलीत. खोली कसली, जिन्याखालची कोंदट जागा. तिथे आमचा सर्व्हर बसलेला, आणि त्याच्या कपाळावर चिठ्ठी: 'फक्त डेटाबेस'. सगळ्या पेशंटांची माहिती सांभाळणारा जो प्रोग्राम, तो डेटाबेस. आणि हे यंत्र त्याच्या एकट्याच्या दिमतीला. संचालकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या यंत्रावर दुसरं काहीही चालत नाही. चालणार नाही!"

तो रेंगाळायचा तो शेअर्ड मेमरीपायी. ही काय भानगड असते ते थोडक्यात सांगतो. डेटाबेसचं सामान असतं डिस्कवर, म्हणजे घराच्या माळ्यावर. प्रत्येक वस्तूसाठी माळ्यावर चढायचं तर स्वयंपाक कधी व्हायचा? म्हणून रोज लागणारं सामान ओट्यावर मांडून ठेवायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच ओट्यावरून उचलायचं. तो ओटा म्हणजे शेअर्ड मेमरी. मी आमचा ओटा बघितला. चौसष्ट जीबीची मेमरी असलेलं यंत्र, आणि ओटा एक जीबीचासुद्धा नाही! स्टुलावर संसार मांडलेला!

डेटाबेसच्या सूचनांमध्ये लिहिलं होतं: यंत्र एकट्या डेटाबेससाठी असेल, तर सुरुवातीला पाव हिस्सा मेमरी द्यावी. पाव? मला हसूच आलं. एकट्याचं घर, आणि तीन खोल्यांना कुलूप? असला कद्रूपणा आपल्याला जमत नाही. मी चौसष्टातले साठ देऊन टाकले!

यंत्र म्हणालं, एवढी एका प्रोग्रामला देता येणार नाही, मर्यादा आहे. मी मर्यादा वाढवली. उद्या उगाच कुणी त्यातली जागा मागू नये म्हणून यंत्र सुरू होतानाच ते साठच्या साठ राखून ठेवायची तजवीजही केली. मग सर्व्हर बंद करून चालू केला, सासूबाईंचं नाव टाकलं, आणि बोट एंटरवरून उचलायच्या आत माहिती समोर! मी त्या कोंदट जागेत एकटाच टाळ्या वाजवल्या.

अकराला मायलेकी आल्या. ताईंनी नाव टाकलं आणि लगेच म्हणाल्या, "झालं, आत जा."

"लगेच?" सासूबाईंचा चेहरा पडला. "जरा नीट बघा की. कागद राहिला असेल एखादा."

"कागद नाहीत आजी, सगळं कॉम्प्युटरवर आहे आता!"

मी लांबूनच बायकोकडे बघून भुवया उडवल्या. सासूबाईंना आत नेलं, बाहुली मोठी करायचे थेंब डोळ्यांत घातले आणि हॉलमध्ये आणून बसवलं. आता फक्त ऑपरेशनची हाक यायची.

हाक आली. "टोकन क्रमांक चौदा, खोली क्रमांक दोन." चौदा नंबरवाले गृहस्थ उठले, आत गेले, थेंब घालून बाहेर आले. "टोकन क्रमांक चौदा, खोली क्रमांक दोन." ते परत गेले. परत थेंब. "टोकन क्रमांक चौदा..." तिसऱ्यांदा ते उठले तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं.

मी ताईंकडे धावलो. "ही हाक मारणारी बाई चौदावर का अडकली?"

"मला काय विचारता? तुमचा सर्व्हर!"

"सर्व्हरचा काय संबंध? तो फक्त डेटाबेसचा!"

"अहो, हाक मारायचा प्रोग्राम सर्व्हरवरच आहे. तात्पुरता टाकलाय."

"तात्पुरता म्हणजे कधीपासून?"

"मी यायच्या आधीपासून."

इतक्यात हिशेबाच्या खिडकीतून काका ओरडले, "बिलं छापायची बंद झाली हो!" तीही सर्व्हरवर. तात्पुरती. हजेरीचं अंगठा लावायचं यंत्र? सर्व्हरवर. चष्म्याच्या दुकानाचा साठा? सर्व्हरवर! नंतर मला रीतच कळली. आमच्याकडे संध्याकाळी सगळे कॉम्प्युटर बंद करायचे असा संचालकांचा नियम, विजेचं बिल वाचतं म्हणून. न बंद होणारं यंत्र एकच. त्यामुळे ज्याला ज्याला काही अखंड चालू ठेवायचं होतं, त्यानं त्यानं ते गुपचूप, दोन दिवसांसाठी म्हणून, 'फक्त डेटाबेस'च्या पोटात ढकललेलं! आणि त्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन मी सकाळी टाळ्या वाजवत काढून घेतली होती. उरलेल्या चार जीबीत आख्खं हॉस्पिटल एका पायावर उभं होतं.

चालत होतं ते एकच. हॉलमधला भिंतीएवढा पडदा. त्यावर आमच्या संचालकांचे सत्कार एकामागून एक सरकत असतात. संचालक पुष्पगुच्छ घेताना, संचालक फीत कापताना, संचालक ढाल उंचावताना. तो मात्र झकास चालू होता. मनात म्हटलं, निदान हे तरी पडद्यामागे लावलेल्या छोट्या कॉम्प्युटरच्या डबीवर चालतंय. तेवढीच एक ब्याद कमी!

मग मी तेच केलं जे घाबरलेला कुठलाही कॉम्प्युटरवाला करतो. बंद करून पुन्हा चालू केलं.

आणि इथे आपलं सगळं संपलं. कारण साठ जीबी राखून ठेवायची तजवीज मीच करून ठेवली होती ना! यंत्र उठलं, पहिल्यांदा साठ बाजूला काढले, आणि सकाळी रिकाम्या हॉस्पिटलात निभावलं होतं, आता मात्र उरलेल्या चारावर सगळे तात्पुरते एकदम तुटून पडले. डेटाबेस चालू होता, पण दारात आलेल्या माणसाला उभं करायलाही जागा लागते, ती त्याच्याकडे नव्हती. ताईंनी नाव टाकलं. उत्तर आलं: मेमरी शिल्लक नाही. मी जिन्याखाली जाऊन खुद्द सर्व्हरवर माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मेमरी शिल्लक नाही! ओटा एवढा मोठा बांधला होता की स्वयंपाकघराचं दारच उघडेना, आणि ओटा फोडणारा गवंडी, म्हणजे मी, बाहेर!

दुरुस्तीसाठी चोरदरवाजा असतो. त्याचा पासवर्ड माझ्या आधीच्या माणसाला ठाऊक. त्याला फोन लावला. फोन बंद. माणूस शहाणा असणार.

इंटरकॉम वाजला. मोठे डॉक्टर. ते कधी आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटते.

"पुढच्या पेशंटच्या भिंगाचा नंबर दिसत नाहीये."

"सर, दोन मिनिटांत..."

"भिंग म्हणजे शर्टाचं बटण नाही, अंदाजानं लावायला. नंबर नाही तर ऑपरेशन नाही. मी दोनला निघतो."

"सर, नंबर कागदावर कुठे..."

"कागद बंद करायला तुम्हीच सांगितलंत ना?"

त्यांनी फोन ठेवला. पुढची पेशंट कोण, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड. शिल्लक नाही. पुन्हा. शिल्लक नाही. मोबाईल वाजला.

"काय केलंस तू?" बायको कुजबुजत होती. ती ओरडली असती तर परवडलं असतं.

"काही नाही! थोडं..."

"आई चप्पल शोधतेय."

"सापडली?"

"माझ्या पर्समध्ये घातलीय. पण ती आता अनवाणी निघायच्या बेतात आहे. इकडे ये!"

मी हॉलमध्ये गेलो. दीडएक तास थेंब घालून बसलेली माणसं, प्रत्येकाची बाहुली मोठी झालेली, प्रत्येक जण डोळे किलकिले करून मला शोधतोय असं वाटत होतं. चौदा नंबरवाले आता हाक आली की नुसतेच हात वर करत होते. सासूबाई पडद्याच्या अगदी खालच्या खुर्चीवर, हातानं डोळे झाकून. मी शेजारी बसलो.

"जावईबापू, बंद पडलंय ना? चला मग घरी. पुढच्या वेळी बघू."

"आई, पंधरा मिनिटं..."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. "खरं सांगू? भीती वाटते हो," त्या हळूच म्हणाल्या. "डोळा गेला तर? आत्ता धूसर का होईना, नातवाचा चेहरा दिसतो. तोही गेला म्हणजे?"

त्या असं कधी बोलत नाहीत. मला एकदम फार वाईट वाटलं. ही बाई इतकी घाबरलेली असताना धीर करून आली होती, आणि मला आपली हौस पडली होती चौसष्टातले साठ वाटायची!

"आई, डोळा जाणार नाही. मोठ्या डॉक्टरांच्या हातून गेलेला नाही कुणाचा. पंधरा मिनिटं द्या मला. नाही झालं तर मी स्वतः तुम्हाला घरी नेतो."

"दिली," त्या म्हणाल्या. "पण हा समोरचा दिवा बंद करायला सांगा कुणाला तरी. डोळ्यात सुया टोचल्यासारखं होतंय."

"सांगतो," म्हणालो आणि धावलो. अर्थातच विसरलो.

जिन्याखाली. नाव, पासवर्ड. शिल्लक नाही. वर घड्याळ एक वाजून गेल्याचं दाखवत होतं. नाव, पासवर्ड. शिल्लक नाही. घाईत पासवर्डच चुकला. इंटरकॉम पुन्हा वाजायला लागला. मी उचलला नाही. दारात संचालक उभे राहिले आणि म्हणाले, "काय चाललंय?" मी मागे वळून बघितलं नाही. नाव. पासवर्ड. एंटर.

आणि आत गेलो!

कसा गेलो, का गेलो, काही कळेना. पण दार उघडलं होतं. आधी ती राखून ठेवायची ओळ पुसली. मग साठाच्या जागी सोळा लिहिले. सूचनांत होते तसे, बरोबर पाव! हात जोडले, यंत्र बंद केलं, चालू केलं. पंखा घरघरला. वरून हॉलमधून आवाज आला, "टोकन क्रमांक पंधरा..." आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या! म्हणे चौदा नंबरवाले सगळ्यांत जोरात वाजवत होते.

इंटरकॉम मीच लावला. "सर, नंबर?"

"दिसला," मोठे डॉक्टर म्हणाले. "पेशंटला आत घेतोय."

मी तिथेच जमिनीवर बसलो.

संचालक अजून दारात होते. "जमवलंत बुवा! कसं काय?"

खरं म्हणजे इथे गप्प बसायचं. पण जीव भांड्यात पडला की माझी जीभ सुटते. "अनुभव, सर," मी म्हटलं. "अशा वेळी डोकं शांत ठेवून, नेमकी कुठली मेमरी मोकळी करायची हे ओळखावं लागतं. प्रत्येकाला जमत नाही ते."

"वा! मग एवढं बघा," संचालक म्हणाले. "हॉलमधला माझा पडदा काळा पडलाय."

मी सर्व्हरची नोंद उघडली. आणि गार झालो. सत्कार! सत्कारही सर्व्हरवरच होते! तेही तात्पुरतेच! प्रत्येक फोटो भिंतीएवढा, आणि सगळेच्या सगळे उघडून बसलेले. उरलेल्या चार जीबीतले तीन हे एकटे संचालक अडवून बसले होते. पडद्यामागच्या डबीशी संपर्क तुटला म्हणून तो प्रोग्राम बंद झाला, जागा मोकळी झाली, आणि पुढच्याच क्षणाला मी आत शिरलो होतो. अनुभव बिनुभव काही नाही. कुणीतरी त्या डबीची वायर उपटली होती!

"कुणी केलं असेल हे?" संचालक म्हणाले.

"चौकशी करतो सर," मी म्हणालो आणि हॉलकडे पळालो. बायको एकटीच बसली होती, मांडीवर पर्स, पर्समधून चपलेचा अंगठा बाहेर आलेला.

"पडद्याची वायर कुणी काढली?"

"आईनं," ती म्हणाली. "तू दिवा बंद करायला सांगतो म्हणालास, कुणी आलं नाही. मग तीच उठली, भिंत चाचपली, आणि एका हिसक्यात काढली. म्हणाली, ज्या वायरीवर एकच माणूस इतका वेळ बोलतो, ती आम्ही अशीच काढायचो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मोठे डॉक्टर दुपारीच निघून गेले होते, त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाई आल्या. संचालकही सगळ्यांची विचारपूस करायला हजर; माझ्या साठ जीबींची भानगड एव्हाना त्यांच्या कानावर गेली होती. बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता. पट्टी निघाली. सासूबाईंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

मग त्यांनी हात पुढे केला आणि बायकोच्या कपाळावरची बट बाजूला सारली. "किती वाळलीस गं," त्या म्हणाल्या. बायको रडायला लागली. मीही जरा खिडकीकडे बघून घेतलं.

दाराबाहेर पडदा पुन्हा सुरू झाला होता. सासूबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग शेजारी उभ्या संचालकांकडे. "अगंबाई, तो दिवा म्हणजे हे होते होय!"

"कुठला दिवा?" संचालकांनी विचारलं. मी खोकलो. फार मोठ्यानं खोकलो.

"बरं, दुसऱ्या डोळ्याचं कधी?" सासूबाई म्हणाल्या. ज्या बाईला इथवर आणायला चप्पल लपवावी लागली, ती स्वतः तारीख मागत होती!

"दोन महिन्यांनी, मोठे डॉक्टर आले की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता भीती नाही ना वाटत, आजी?"

"डोळ्याची नाही वाटत," सासूबाई म्हणाल्या आणि आपल्या नव्या, लख्ख डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. "एकच अट. त्या दिवशी जावईबापूंनी रजा घ्यायची."

आमचे संचालक रजेच्या बाबतीत मोठे चिकट. माझ्या सख्ख्या भावाच्या साखरपुड्याला त्यांनी मला अर्धा दिवस दिला होता, तोही मोबाईल चालू ठेवायच्या बोलीवर.

"मंजूर!" ते म्हणाले. मी अजून अर्जसुद्धा केला नव्हता. "आणि आदल्या दिवशीचीही घ्या."